तीर्थनचा ट्राउट : कागदावर असलेला मासा

आपल्या मंडळाच्या बैठकीत मी 'ट्राउट' हा विषय सुचवला, तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : याचा माळव्याशी काय संबंध? प्रामाणिकपणे सांगायचं तर थेट संबंध काहीच नाही. ट्राउट हा थंड पाण्याचा, मूळ युरोपातला मासा. आपल्या नर्मदेत तो एक उन्हाळासुद्धा काढणार नाही. पण हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर हा मासा समजून घेताना मला आपल्या नर्मदेबद्दल, आणि आपल्यासारख्या मंडळांच्या कामाबद्दल, काहीतरी कळलं. ते शेवटी सांगतो. आधी मासा.

माझी पार्श्वभूमी इथे सांगणं भाग आहे. मी इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं जलविद्युतच्या कामात गेली. नदी म्हटली की माझ्यासमोर दोन आकडे यायचे : पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती घनमीटर येतं. त्या दोन आकड्यांच्या मध्ये काय राहतं, हे बघायची सवय नव्हती. ती सवय मला एका मासेमारीने लावली, आणि तीही पन्नाशी उलटल्यावर.

नदी आणि 'जंगली' मासा

तीर्थन कुल्लू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फाळ भागात उगम पावते. हे उद्यान १९९९ मध्ये अधिसूचित झालं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. गुशैणी गावाशी तिला फलाचन नदी मिळते, पुढे बंजारच्या बाजूने ती खाली उतरते आणि लारजीजवळ ब्यासला मिळते. पाणी इतकं स्वच्छ, की कमरेएवढ्या खोलीतला गोटा न् गोटा मोजता येतो.

या पाण्यात ब्राउन ट्राउट आहे. अंगावर काळे-तांबडे ठिपके, पोट पिवळसर, तोंड मोठं. तिथले लोक त्याला 'जंगली' म्हणतात, कारण तळ्यात खाद्य टाकून वाढवलेला ट्राउटही त्या खोऱ्यात मिळतो. जंगली म्हणजे जो नदीतच जन्मला, नदीतच खाऊन मोठा झाला आणि नदीतच अंडी घालतो. मात्र त्याचे पूर्वज इथे डब्यांतून आले. तो इतिहास सव्वाशे वर्षांपेक्षा फारसा जुना नाही.

अंड्यांचा प्रवास

इंग्रज अधिकारी जिथे गेले तिथे आपले छंद घेऊन गेले. पण घोडा नेणं वेगळं आणि मासा नेणं वेगळं. जिवंत ट्राउट महिनाभर जहाजावर टिकणार नाही. म्हणून अंडी न्यायची ठरली, आणि इथे गोष्ट इंजिनिअरच्या हातात येते.

ट्राउटची अंडी किती दिवसांत फुटतील हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. हिशोब सोपा आहे. रोजचं तापमान अंशांत घ्या, त्याची बेरीज करत जा, ती साधारण चारशे ते साडेचारशेच्या घरात गेली की पिल्लं बाहेर येतात. पाणी दहा अंशांवर असेल तर सहा आठवडे. पाच अंशांवर असेल तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे गार ठेवाल तितका प्रवासाला वेळ मिळतो. शिवाय निम्मा काळ लोटला की अंड्यातून पिल्लाचे दोन काळे डोळे दिसू लागतात. त्या अवस्थेत अंडं बऱ्यापैकी दणकट असतं, धक्का सोसतं. त्याआधी ते हलवलं तर मरतं.

यातून पद्धत निघाली : लाकडी खोक्यात ओल्या शेवाळाचा थर, त्यावर अंडी, वर पुन्हा शेवाळ, आणि खोक्यांवर बर्फ. बर्फ वितळून थेंब थेंब पाणी खाली झिरपत राहतं. गारवाही मिळतो आणि ओलावाही. १८६४ मध्ये जेम्स यूल यांनी 'नॉरफोक' जहाजातून याच पद्धतीने सामन आणि ट्राउटची अंडी इंग्लंडहून निघून सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासानंतर ऑस्ट्रेलियात जिवंत पोचवली, आणि टास्मानियात ट्राउट रुजला. यांत्रिक शीतगृह नसताना केलेली ही कामगिरी मला आजही थक्क करते.

आपल्याकडे निलगिरीत १८६३ पासून प्रयत्न झाले. फ्रान्सिस डे यांचा पहिला प्रयत्न फसला. उत्तरेत काश्मीरला यश आलं. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल हे त्या खटपटीतलं प्रमुख नाव. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी पाठवलेली दहा हजार अंडी वाटेतच मेली. १९०० च्या डिसेंबरात स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. त्यातली काही पिल्लं दाचीगामकडे नेली आणि काही चक्क मिचेल यांच्या कारखान्याच्या आवारात वाढवली. पुढे हारवनला उबवणी केंद्र उभं राहिलं.

काश्मीरची अंडी कुल्लूला आली. तिथले असिस्टंट कमिशनर हॉवेल यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये महिलीला उबवणी केंद्र सुरू झालं, आणि पिल्लं ब्यास व तिच्या उपनद्यांत सोडली गेली. तीर्थन त्यांतलीच एक. पुढचं काम नदीने केलं. थंड, हवेशीर पाणी आणि तळाशी स्वच्छ खडे, एवढं मिळाल्यावर मासा स्वतःच वाढू लागला.

यातला 'हवेशीर' शब्द महत्त्वाचा. समुद्रसपाटीला दहा अंशांचं पाणी लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं; पंचवीस अंशांचं पाणी आठच्या आसपास. ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून पाणी वीस अंशांच्या पुढे गेलं की तो कासावीस होतो. त्याची मादी हिवाळ्याच्या तोंडाला शेपटीने खड्यांत खळगा करते, अंडी घालते आणि वर खडे लोटते. खड्यांच्या फटींतून पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात. फटींत गाळ बसला की गुदमरतात. म्हणूनच हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते.

वजन नसलेलं आमिष

आता 'फ्लाय फिशिंग' म्हणजे नेमकं काय. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा किंवा कणकेचा गोळा असतो. त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. ट्राउट मात्र बहुतांशी पाण्यातले किडे खातो. दगडांखाली राहणाऱ्या अळ्या, बारीक खड्यांचं घर करून त्यात राहणारे कॅडिस, आणि पंख फुटल्यावर एखाद-दोन दिवसच जगणारी मेफ्लाय, हे त्याचं खाणं. त्यांची नक्कल दोरा, पीस आणि केस छोट्या गळावर गुंडाळून करतात. हीच 'माशी'. तिला वजन जवळजवळ नसतंच. मग ती वीस-तीस फुटांवर फेकायची कशी?

उत्तर असं की वजन दोरीलाच दिलेलं असतं. जाड, लेप दिलेली दोरी, तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा नायलॉनचा धागा, आणि त्याला माशी. काठी मागे नेली की दोरी मागे उलगडते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मग काठी पुढे. ताणलेली दोरी काठीला वाकवते, काठी स्प्रिंगसारखी सुटते आणि दोरीचा फास पुढे पळत जातो. दोरी निमुळती असल्यामुळे शक्ती टोकाकडे जाता जाता विरते आणि माशी अलगद उतरते. थांबणं चुकलं की चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटते. मी पहिल्या दोन दिवसांत सात माश्या तोडल्या, त्यातल्या तीन मागच्या झाडात. शिकवणारा गावातला तरुण हसू दाबत एवढंच म्हणाला, "सर, पीछे भी देखिए."

पुढचा भाग नदी वाचण्याचा. मासा सतत धारेत पोहत बसत नाही. त्यात खर्च जास्त आणि मिळकत कमी. तो दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात उभा राहतो आणि शेजारून वाहणाऱ्या वेगवान धारेतून येणारा किडा उचलतो. म्हणून वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण दिसते, तिथे माशी टाकायची. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, तेव्हा आपण खालच्या बाजूने जायचं.

त्यातही वाकून जायचं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्याबाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. मासा अर्धा मीटर खोल असेल तर खिडकी सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटरची. क्षितिजाजवळचं जग त्या खिडकीच्या काठाशी चेपलेलं, अंधूक दिसतं. म्हणून बुटका माणूस सुरक्षित, ताठ उभा माणूस पकडला जातो. हे गणित मी अकरावीत शिकलो होतो. त्याचा उपयोग तीर्थनच्या गोट्यांवर गुडघे टेकल्यावर कळला.

शेवटची अट सगळ्यात कडक. माशी पाण्याच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली आणि माशी जरा जरी खेचली गेली, तरी मासा तोंड फिरवतो. इतकं करून मासा लागलाच, तर त्याला सोडून द्यायचं. गळाला उलटा काटा नसावा, हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो, आणि त्याला पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. तिसऱ्या दिवशी मला वीतभर मासा मिळाला. तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरला. त्याने दोन-तीनदा कल्ले हलवले आणि तो गेला.

ही विद्या इंग्रजांची, असा समज आहे. पण रोमन काळात एलियन या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर गळाला तांबडी लोकर गुंडाळून आणि कोंबड्याची पिसं लावून मासे पकडण्याची रीत नोंदवली आहे. आणि गळाने मासेमारी हा राजाचा विरंगुळा म्हणून शास्त्रशुद्ध लिहिणारा माणूस तर आपल्या शेजारचाच : कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बाराव्या शतकातल्या त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना आधी काय खाऊ घालायचं, गळाला काय लावायचं, सगळं त्यात आहे. वॉल्टनचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ चं, म्हणजे पाचशे वर्षं नंतरचं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी हे प्रकरण विसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणलं. सोमेश्वराकडे पिसांची माशी नाही. पण मासा नोंदवण्यासारखा आहे, हे त्याला ठाऊक होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

नदी कशी राहिली

तीर्थनच्या शेजारच्या खोऱ्यात सैंज नदी आहे. तिच्यावर ५२० मेगावॉटचा पार्बती-३ प्रकल्प आहे. खाली लारजीला ब्यासवर १२६ मेगावॉटचा. तीर्थनला उतार आहे, पाणी आहे; माझ्या जुन्या दोन आकड्यांत ती उत्तम बसते. तिच्या खोऱ्यातही लघु जलविद्युत प्रकल्प आखले गेले होते.

अशा प्रकल्पाला 'धरण नाही, फक्त पाणी वळवतो' म्हणतात, आणि ते खोटं नसतं. नदीवर छोटा बंधारा घालतात, पाणी बोगद्यात नेतात, काही किलोमीटर खाली ते टर्बाइनवर सोडतात आणि पुन्हा नदीला देतात. एक थेंबही वाया जात नाही. फक्त बंधारा आणि वीजघर यांच्यामधली नदी हिवाळ्यात, म्हणजे नेमकी ट्राउटची अंडी खड्यांत असताना, जवळजवळ कोरडी होते. जे थोडं पाणी उरतं त्यात गाळ धुऊन नेण्याची ताकद नसते. नकाशावर निळी रेघ तशीच राहते.

तीर्थनच्या लोकांनी याला विरोध केला. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी हा लढा कोर्टापर्यंत नेला. नदी वाचवण्याच्या कारणांत ट्राउट हे एक ठळक कारण होतं, आणि शेवटी तीर्थनचं खोरं जलविद्युत प्रकल्पांसाठी बंद ठेवण्यात आलं. आज तिथल्या अनेक घरांची रोजी पाहुण्यांवर चालते, आणि त्यात माशी फेकायला येणारेही आहेत.

मला यातली गंमत जास्त वाटते. परक्या माशाने नदी राखायला मदत केली. त्या नदीचा मूळचा मासा असेला, ज्याला इंग्रजांनी 'स्नो ट्राउट' हे उसनं नाव दिलं, त्याच्या नावाने एवढा आवाज झाला नाही. उलट ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो, त्याची जागा घेतो. तेव्हा ट्राउटला नायक करण्यात अर्थ नाही.

मग आवाज ट्राउटचा का झाला? माझं मत असं, की ट्राउट पहिल्या दिवसापासून कागदावर होता. अंडी किती आली, किती मेली, कुठे सोडली, परवाना कोणाला दिला, हंगाम कधी बंद, सगळं कुठेतरी लिहिलेलं. पुढे जो कोणी त्याची बाजू घेईल त्याच्या हातात द्यायला काहीतरी होतं. असेला फक्त नदीत होता.

आणि आपली नर्मदा

आपला असेला म्हणजे महासीर. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. हेन्री सलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ च्या आपल्या 'द रॉड इन इंडिया' पुस्तकात महासीरला सामनच्याही वरचं स्थान दिलं. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, खडकाळ पाण्यात अंडी घालतो. त्याला वाहती नदी लागते. आपण तिच्यावर एकामागोमाग एक जलाशय बांधले. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा जाहीर केलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरचं बीज तयार केलं आहे. म्हणजे ट्राउटसाठी महिलीला जे झालं, ते आपल्या माशासाठीही करता येतं. पण बीज सोडायला वाहतं पाणी हवं.

आता कबुली. नोकरीत असताना एका छोट्या उपनदीवरच्या प्रकल्पाच्या प्राथमिक अहवालात परिस्थितीची माहिती भरायचं काम माझ्याकडे होतं. 'मत्स्यसंपदा' या रकान्यात मी लिहिलं : 'उल्लेखनीय नाही.' मी कोणाला विचारलं नव्हतं. काठावर दोन दिवस होतो. एका म्हाताऱ्या नावाड्याने डोहाकडे बोट दाखवून बाडसबद्दल काही सांगायला सुरुवात केली होती, आणि मला जीप पकडायची होती. खोटं लिहायचा हेतू नव्हता. उल्लेख कुठे सापडला नाही, म्हणून 'उल्लेखनीय नाही'. आज वाटतं, त्या रकान्याइतकं जड काही मी आयुष्यात लिहिलं नसेल.

म्हणून मंडळाच्या वाचकांना एक विनंती. महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर, बडवाह, नेमावर या भागांत ज्यांची घरं, आजोळं किंवा जुनी माणसं आहेत, त्यांनी बाडसबद्दल ऐकलेलं लिहून पाठवावं. कोणत्या घाटावर लोक त्याला कणकेच्या गोळ्या टाकत, कोणत्या डोहाला काय नाव होतं, केवढा मासा कोणी पाहिला, कोणत्या वर्षानंतर दिसेनासा झाला. वर्ष नक्की आठवत नसेल तर 'धाकट्या काकाच्या लग्नाच्या सुमारास' असं लिहिलं तरी चालेल. आपण मंडळात बसून वर्ष काढू. जुने फोटो असतील तर उत्तम.

वाडे, सनदा, मोडी कागद आपण जपतोच. त्यातच एक वही बाडसची असू द्या. पुढे कधी कोणी तो रकाना भरायला बसेल, तेव्हा त्याला विचारायला जागा हवी.